नकारांची पारख : दल्ली-राजहरा, टाटा आणि भिलाई (१८८२–१९५९)

प्रस्तावना

उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत एक सल्ला वारंवार ऐकू येतो : श्रीमंत माणसांची मानसिकता वेगळी असते, ‘हे होणार नाही’ म्हणणाऱ्यांकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. पुराव्यादाखल जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांचे नाव हमखास घेतले जाते. सगळे नाही म्हणत होते, तरी त्यांनी पोलादाचा ध्यास सोडला नाही, अशी ही गोष्ट.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या गोष्टीला एक साधा प्रश्न विचारायला हवा : नाही म्हणणारे नेमके कोण होते, आणि कशाच्या आधारावर नाही म्हणत होते? या पाठात आपण हा प्रश्न मध्य भारतातल्या एका लोहखनिजाच्या डोंगराच्या संदर्भात तपासू. आज भिलाईचा पोलाद कारखाना ज्या दल्ली-राजहराच्या खनिजावर उभा राहिला आहे, तो डोंगर टाटांच्या माणसांनी पन्नास वर्षे आधी पाहिला होता. आणि पाहून सोडून दिला होता.

१. नागपूर : सावकाराचा नकार

जमशेटजींनी १८७४ मध्ये कापड गिरणीसाठी कंपनी स्थापन केली. भांडवल १५ लाख रुपयांचे होते. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई हे समीकरण पक्के होते. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. कारण हिशेबी होते : कापूस जवळ पिकत होता, कोळसा आवाक्यात होता, रेल्वे आली होती आणि तयार मालाला आसपासच बाजार होता. रेल्वे स्थानकाजवळची पाणथळ जागा भरून घेण्याचे काम सुरू झाले, तेव्हा नागपूरच्या एका मारवाडी सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याचे मत होते. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे भरघोस लाभांश देऊ लागली. तेव्हा त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी माती टाकून सोने काढले. चरित्रकारांनी हा किस्सा आवडीने सांगितला आहे.

या प्रसंगात जमशेटजींनी नकार डावलला हे खरे. पण त्यांच्याकडे कापसाचा, रेल्वेचा आणि बाजाराचा हिशेब होता. सावकाराच्या डोळ्यांसमोर फक्त दलदल होती. एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला अंदाज, असा हा सामना होता.

२. चांदा : प्रयोगशाळेचा नकार

पोलादाची कथाही याच मुलखात सुरू होते. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्‌झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध झाला. चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यात लोहारा येथे उत्तम लोहखनिज आहे, आणि वरोऱ्याचा कोळसा फार दूर नाही, असे त्यातून दिसत होते. हा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला आणि नागपूरपासून जवळच लोखंडाचा कारखाना काढता येईल असे त्यांना वाटू लागले.

येथे थोडे तांत्रिक समजून घेऊ. झोतभट्टीत खनिजापासून लोखंड काढायला कोक लागतो. कोक सगळ्याच दगडी कोळशापासून बनत नाही. ठरावीक प्रकारचा कोळसा हवाबंद भट्टीत भाजला, की त्याचा टणक, सच्छिद्र कोक होतो. त्या काळी खनिजाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त कोळसा लागत असे. म्हणून लोखंडाचा कारखाना कुठे काढायचा, हे खनिजाइतकेच कोळशावर ठरे. वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीत तपासून घेतले गेले. तो या कामाचा नाही, असा निष्कर्ष निघाला. शिवाय सरकारचे खाणविषयक नियमही जाचक होते.

जमशेटजींनी काय केले? नकार मानला. योजना बाजूला ठेवली. ती बरीच वर्षे तशीच राहिली. प्रेरक व्याख्यानांत हा भाग सहसा गाळला जातो, कारण नायक येथे माघार घेताना दिसतो. पण ही माघार घेतली नसती, तर वरोऱ्याच्या कोळशावर एक भट्टी उभी राहिली असती, बंद पडली असती आणि आज तिचे नावही कुणाला ठाऊक नसते.

अशा बंद पडलेल्या भट्ट्या होत्याच. दक्षिणेत जोसाया हीथ यांनी १८३० च्या दशकात पोर्टो नोव्हो येथे काढलेला लोखंडाचा कारखाना टिकला नाही. बंगालमध्ये बराकरजवळचा कारखाना १८७० च्या दशकात सुरू होऊन काही वर्षांतच अडचणीत आला. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी पोलाद बनवण्याचा प्रयत्नही झाला आणि तोट्यामुळे सोडावा लागला. हे उद्योजकही चिकाटीचेच होते. त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत, एवढाच फरक. फक्त यशस्वी माणसे पाहून ‘नकाराकडे दुर्लक्ष केल्याने यश मिळते’ असा निष्कर्ष काढणे ही पद्धतशास्त्रातली चूक आहे. दुर्लक्ष करून बुडालेले लोक आपल्या नमुन्यात आलेलेच नसतात.

३. अजब बंगल्यातला नकाशा आणि दल्ली-राजहरा

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या काळात खाणविषयक नियम सैल झाले आणि जमशेटजींनी विषय पुन्हा हाती घेतला. १९०२ मध्ये ते अमेरिकेत गेले. तिथे पिट्सबर्गचे अभियंता ज्युलियन केनेडी यांनी त्यांना सावध केले : नुसत्या प्राथमिक तपासणीलाही फार पैसा लागेल आणि हाती काही लागेलच असे नाही. जमशेटजींनी हा इशारा धुडकावला नाही. तो खर्च करायची तयारी दाखवली. केनेडी यांच्या शिफारशीवरून न्यूयॉर्कचे चार्ल्स पेज पेरिन यांची नेमणूक झाली आणि पेरिन यांनी सी. एम. वेल्ड या भूगर्भतज्ज्ञाला भारतात पाठवले.

वेल्ड आणि जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांनी चांद्याचा भाग पिंजून काढला. लोहाऱ्याचे खनिज चांगले, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नाही, असे वेल्ड यांचे मत पडले. पुन्हा नकार. दोराबजी परवान्याच्या कामासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले असता, वेळ होता म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेच हे संग्रहालय. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि आजच्या दुर्गच्या बाजूला लोहखनिजाची खूण गडद रंगात केलेली होती.

ही खूण आकाशातून पडलेली नव्हती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोहउद्योगावर लेख प्रसिद्ध केला होता. (दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ मध्ये झाला.) लेखाचा विषय ‘लोहउद्योग’ होता हे लक्षात घ्या. या भागात छोट्या मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करत होते. म्हणजे खनिजाचे ज्ञान आधी स्थानिकांकडे होते, मग ते सर्वेक्षणाच्या कागदावर आले आणि शेवटी उद्योजकाच्या नजरेस पडले.

दल्ली-राजहराचा डोंगर चढताना पायाखाली धातूसारखा आवाज येत होता, असे वर्णन केले जाते. खनिजात लोहाचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक होते. तरीही कारखाना तिथे झाला नाही. कोक होईल असा कोळसा जवळ नव्हता. तो शेकडो किलोमीटरवर, झरियाच्या पट्ट्यात होता. डोंगरापर्यंत रेल्वे नव्हती. हे खनिज महानदीच्या काठी नेऊन कारखाना काढण्याचाही विचार झाला, पण तेवढ्यात अधिक सोयीची जागा सापडली. सर्वेक्षणातून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात गेलेल्या बोस यांनीच २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना पत्र लिहून तिथल्या लोहखनिजाची माहिती दिली होती. गोरुमहिसाणीचा डोंगर झरियाला आणि कोलकात्याच्या बंदराला कितीतरी जवळ होता. १९ मे १९०४ रोजी जमशेटजींचे निधन झाले. पुढे साक्ची हे गाव कारखान्यासाठी निवडले गेले, तेच आजचे जमशेदपूर.

दल्ली-राजहराचा नकार हा भूगोलाचा आणि वाहतूकखर्चाचा नकार होता. तोही मानला गेला.

४. रूळ खाण्याची पैज

मग डावललेला नकार कोणता? सर्वांत प्रसिद्ध आहे तो रेल्वेचे वरिष्ठ अधिकारी सर फ्रेडरिक अपकॉट यांचा. ब्रिटिश मानकांप्रमाणे टाटा रूळ बनवणार असतील, तर त्यांचा प्रत्येक पौंड मी खाऊन दाखवीन, अशा आशयाचे उद्‌गार त्यांनी पेरिन यांच्यापाशी काढल्याचे सांगतात. या नकारामागे ना खनिजाची तपासणी होती, ना कोळशाची. भारतीयांना हे जमणार नाही, हा वसाहतवादी समज होता. पहिल्या महायुद्धात टाटांचे रूळ मेसोपोटेमियाच्या रेल्वेमार्गासाठी गेले, आणि अपकॉट यांनी शब्द पाळला असता तर त्यांचे पोट बिघडले असते, असा टोला दोराबजींनी मारला.

पण ही गोष्ट येथेच संपवली तर अर्धीच राहते. ज्या रेल्वेच्या अधिकाऱ्याने टवाळी केली, त्याच सरकारने दहा वर्षे दरवर्षी २०,००० टन रूळ आयातीच्या भावाने घेण्याची तयारी दाखवली होती. टाटांनी व्यक्तीच्या शेऱ्याकडे दुर्लक्ष केले, पण संस्थेशी वाटाघाटी चालूच ठेवल्या.

५. पैसा कुणाचा?

लंडनच्या नाणेबाजारात भांडवल उभे करण्याचा प्रयत्न फसला. तोही एक नकारच होता. ऑगस्ट १९०७ मध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि भाग मुंबईत विक्रीला काढले गेले. स्वदेशीचे वारे जोरात होते. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी हे भाग घेतले. पुढे खेळत्या भांडवलासाठी काढलेले कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. १६ फेब्रुवारी १९१२ रोजी साक्चीला पहिले पोलाद तयार झाले.

श्रीमंतांची मानसिकता हा विषय येथे नीट समजतो. जमशेटजींचे वेगळेपण केवळ धैर्यात नव्हते. एम्प्रेस मिलच्या नफ्यामुळे वर्षानुवर्षे शोध घ्यायची, परदेशी तज्ज्ञ नेमायची आणि त्यांचे नकारार्थी अहवाल पचवायची ऐपत त्यांच्याकडे होती. १८९० च्या दशकात त्यांनी जहाज कंपनी काढली, पी. अँड ओ. कंपनीने भाडे पाडले आणि ती बंद करावी लागली. तरी घर बुडाले नाही. ज्याच्याकडे एकदाच पुरेल एवढी पुंजी आहे, त्याने ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला ऐकला, तर त्याला दुसरी संधी मिळत नाही. खुद्द पोलाद कंपनीही १९२४ मध्ये बुडण्याच्या बेतात आली होती. दोराबजींनी पत्नीच्या दागिन्यांसह स्वतःची मालमत्ता तारण ठेवली, आणि त्याच वर्षी सरकारने पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. वैयक्तिक हिंमत आणि सार्वजनिक आधार दोन्ही लागले.

६. भिलाई : नकाराची मुदत संपते

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या औद्योगिक धोरणाने नवे पोलाद कारखाने सरकारी क्षेत्राकडे सोपवले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला १० लाख टन क्षमतेचा कारखाना भिलाईला उभारायचे ठरले. त्या वेळी हा भाग ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी अजून नागपूरच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले.

खनिज दल्ली-राजहराचे, तेच. कोळसाही पूर्वीइतकाच दूर. बदलले होते ते बाकीचे सर्व : डोंगरापर्यंत लोहमार्ग टाकता आला, तांदुला जलाशयाचे पाणी मिळाले, नंदिनीची चुनखडी जवळ होती, आणि दूरच्या कोळशाचा खर्च सोसून मागास भागात उद्योग नेण्याची सरकारची तयारी होती. परतफेडीसाठी घाई न करणारे सोव्हिएत कर्जही होते. १९०७ चा नकार त्या वेळच्या परिस्थितीत बरोबर होता, आणि १९५५ चा होकारही. ज्या देशाला रूळ बनवता येणार नाहीत असे म्हटले गेले, त्याच्या रेल्वेला पुढे रूळ पुरवले ते याच भिलाईने.

समारोप

या इतिहासातून नकारांचे तीन प्रकार दिसतात. पहिला, पुराव्यावर आधारलेला : वरोऱ्याचा कोळसा, लोहाऱ्याचा साठा. तो मानावा लागतो. दुसरा, समजुतीवर आधारलेला : नागपूरचा सावकार, अपकॉट. त्याला कामानेच उत्तर देता येते. तिसरा, परिस्थितीवर आधारलेला : दल्ली-राजहरा. तो लक्षात ठेवावा लागतो, कारण परिस्थिती बदलली की तो उलटतो. टाटांचे यश कान बंद ठेवण्यात नव्हते. कोणता नकार कोणत्या प्रकारचा आहे, हे पैसा आणि वेळ खर्चून तपासण्यात होते.

स्वाध्याय

१. वरोऱ्याच्या कोळशाविषयीचा अहवाल आणि अपकॉट यांचा शेरा यांत पुराव्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
२. दल्ली-राजहराच्या खनिजावर १९०७ मध्ये कारखाना का झाला नाही आणि १९५५ नंतर का होऊ शकला?
३. आपल्या जिल्ह्यातला बंद पडलेला एखादा उद्योग निवडा. त्याला सुरुवातीला कुणी, कोणत्या कारणाने विरोध केला होता, आणि ते कारण वरीलपैकी कोणत्या प्रकारात बसते, ते लिहा.