कापसाच्या शेतातला गायक

अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय श्रमिकांच्या व्यथेतून 'ब्लूज' हा गानप्रकार जन्मास आला. त्यातील एक थोर गायक फ्रेड मॅकडॉवेल. जग त्याला 'मिसिसिपी फ्रेड' म्हणून ओळखते. जन्म मात्र शेजारच्या टेनेसी राज्यातील रॉसव्हिलचा!

सप्टेंबर १९५९. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि इंग्रज गायिका शर्ली कॉलिन्स मिसिसिपीच्या कोमो परिसरात आले होते, ते फ्रेडसाठी नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यांचे पावा-ढोलाचे वादन ध्वनिमुद्रित करण्यासाठी. तिन्हीसांजेला दिवसभर कापूस वेचून फ्रेड गिटार घेऊन तेथे आला. वय पन्नाशी ओलांडलेले. तोवर त्याचा एकही सूर मुद्रित झालेला नव्हता. साथीला बहीण होती. तिचे वाद्य म्हणजे कागद गुंडाळलेला कंगवा! फ्रेड पूर्वी तारांवरून हाडाचा तुकडा फिरवी, पुढे बाटलीची काचेची मान बोटात घालू लागला. त्यामुळे गिटार जणू गाणाऱ्याला प्रत्युत्तर देते. आवाज जेथे थांबतो, तेथे ओळ तार पुरी करते.

ती गाणी १९६० साली ध्वनिमुद्रिकांवर आली, तरी फ्रेड शेतावरच राबत राहिला. १९६४ साली ख्रिस स्ट्राखविट्झ हा प्रकाशक त्याला शोधत कोमोला पोहोचला. मग न्यूपोर्टचा महोत्सव झाला, १९६५ साली युरोपचा दौरा झाला. त्या मुलखात ब्लूजला सैतानाचे संगीत मानणारे धर्मभीरू लोक पुष्कळ होते. फ्रेडने असा भेद मानला नाही. १९६६ साली पत्नी ॲनी मे आणि गावच्या हंटर्स चॅपलमधील गायकांसह त्याने भक्तिगीतेही मुद्रित केली. मला तो मुद्रिकांचा संच त्याच्या ख्यातनाम गाण्यांहून अधिक मोलाचा वाटतो.

१९७१ साली 'रोलिंग स्टोन्स' या प्रख्यात इंग्रज वाद्यवृंदाने 'यू गॉटा मूव्ह' हे भक्तिगीत फ्रेडच्या ढंगात गायिले. स्ट्राखविट्झने पाठपुरावा केल्यामुळे मानधनाचा मोठा धनादेश फ्रेडच्या हयातीतच त्याच्या हाती पडला. अशी वेळेवरची न्यायबुद्धी त्या व्यवसायात विरळाच. ३ जुलै १९७२ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले.

हॅमंड हिल चर्चच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर जो दगड बसविला गेला, त्यावर नावाचे स्पेलिंगच चुकलेले होते. १९९३ साली चाहत्यांनी आणि त्याच्याकडून गिटारचे धडे घेतलेल्या गायिका बॉनी रेट यांनी नवा दगड उभारला. जुना दगड कुटुंबीयांनी क्लार्क्सडेल येथील ब्लूज संग्रहालयाला दिला.