कोवळे वय आणि सरावाचे तास

इ. स. १८११ च्या उन्हाळ्यात बर्लिन शहराबाहेरील हाजेनहायडे येथील मोकळ्या जागेत फ्रिडरिश लुडविग यान नावाच्या एका शिक्षकाने मुलांसाठी व्यायामाचे मैदान उघडले. चढण्याचे खांब, लोंबकळण्याच्या आडव्या दांड्या, उड्या मारण्याचा लाकडी घोडा अशी साधीच साधने तेथे होती. बुधवारी आणि शनिवारी दुपारी शाळेला सुटी असे. त्या वेळी यान आपल्या विद्यार्थ्यांना तेथे घेऊन जाई. आधुनिक जिम्नॅस्टिक्सचा एक मोठा प्रवाह ज्या मैदानातून निघाला, त्याचे पहिले वेळापत्रक असे आठवड्यातील दोन दुपारींचे होते. शाळा आधी आणि व्यायाम नंतर, हा क्रम तेथे कोणी ठरवावा लागला नाही. तो गृहीतच होता.

पुढील पावणेदोनशे वर्षांत हा क्रम पालटला. विसाव्या शतकाच्या अखेरीस जागतिक स्पर्धांसाठी तयार होणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुली आठवड्याला तीस तासांच्या आसपास सराव करू लागल्या. आठवड्याचे सहा दिवस, रोज पाच तास. म्हणजे शाळेच्या बरोबरीची दुसरी एक शाळा. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, हे पाहिल्यावाचून मुलांच्या सरावाला किती तास वाजवी, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

१९५० च्या दशकात स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्सवर प्रौढ खेळाडूंचे राज्य होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सर्वंकष विजेती ठरलेली सोव्हिएत संघाची मारिया गोरोखोव्स्काया तीस वर्षांची होती. १९५६ मध्ये मेलबर्न येथे हंगेरीच्या आग्नेस केलेतीने चार सुवर्णपदके मिळविली, तेव्हा तिचे वय पस्तीस होते. ऑलिंपिकमध्ये अठरा पदके मिळविणारी लारिसा लातिनिना १९५८ च्या जागतिक स्पर्धेत गर्भवती असताना उतरली आणि जिंकली. डौल, लय आणि तोल हे त्या काळच्या खेळाचे प्राण होते, आणि हे गुण वयाबरोबर परिपक्व होत.

१९७० च्या दशकात खेळाचे रूप बदलले. १९७२ मध्ये म्युनिक येथे सतरा वर्षांच्या ओल्गा कोर्बुटच्या धाडसी उड्यांनी प्रेक्षक भारावून गेले. १९७६ मध्ये माँट्रियल येथे रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळविले. गुणफलकाला दहाचा आकडा दाखविण्याची सोयच नव्हती, त्याने १.०० असे दाखविले. तिला त्या स्पर्धेत सात वेळा पूर्ण गुण मिळाले.

या यशामागे पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम होता. शरीर जितके आखूड आणि हलके, तितके ते हवेत झपाट्याने फिरते. गिरक्या आणि कोलांट्या वाढत गेल्या, तसतसे लहान चणीच्या देहाचे मोल वाढले. मुलगी वयात आली, उंची वाढली, की अंगाचा तोल नव्याने सांभाळावा लागतो. म्हणून तिचे सारे शिक्षण त्यापूर्वीच उरकावे, असा हिशेब अनेक प्रशिक्षकांनी मांडला. दहा-बारा वर्षांत सावकाश शिकण्याजोगी विद्या पाच-सहा वर्षांत कोंबायची, तर दिवसाचे तास वाढविण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

या घाईचे परिणाम येलेना मुखिना हिच्या आयुष्यात दिसले. १९७८ मध्ये ती जगज्जेती झाली. पुढील वर्षी तिचा पाय मोडला. तो पुरता बरा होण्यापूर्वीच मॉस्को ऑलिंपिकसाठी तिला पुन्हा सरावाला जुंपण्यात आले. जुलै १९८० मध्ये, ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे उरले असता, मिन्स्क येथील सरावात एक अवघड उडी घेताना ती हनुवटीवर आदळली आणि तिची मान मोडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. डिसेंबर २००६ मध्ये तिचे निधन झाले. मधली सव्वीस वर्षे तिने पंगू अवस्थेत काढली. या उडीत आपली मान मोडेल, असे आपण आधीच बोलून दाखविले होते आणि ते कोणी मनावर घेतले नाही, असे तिने पुढे सांगितले. तिच्या सरावाचे तास मोजले जात असतीलही. तिचा थकवा मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता.

तासांच्या बाजूनेही एक खरे कारण आहे. अर्धवट शिकलेली उडी ही न शिकलेल्या उडीहून अधिक घातक असते. पुनरावृत्तीवाचून अंगाला वळण लागत नाही, आणि वळण लागल्यावाचून उंच दांडीवर हात सोडणे हा अविचार ठरतो. तेव्हा सराव कमी करा, एवढेच म्हणून भागत नाही. कमी तासांत बसेल एवढीच अवघड कसरत मुलाकडून मागावी, हे त्याबरोबर ओघानेच येते.

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाचा शोध धीमेपणाने घेतला. १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी आठवड्याला सरासरी बावीस तास सराव करणाऱ्या जिम्नॅस्ट मुलींची तुलना आठ तास पोहणाऱ्या मुलींशी केली आणि अठरा तासांपलीकडच्या कठोर सरावाने उंची खुंटू शकते, असा इशारा दिला. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी उपलब्ध पुराव्याची छाननी केली. या खेळात मुळातच लहान चणीची मुले निवडली जातात व टिकतात. सरावाने त्यांची प्रौढ वयातील उंची घटते असे दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उंचीचे भय अशा रीतीने ओसरले. दुखापतीचे मात्र ओसरले नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. हातांवर सारा देह तोलणाऱ्या या खेळात मनगटाजवळच्या त्या थराला वारंवार ताण बसतो आणि दुखणे जडते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळे खेळ खेळणाऱ्या मुलांच्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, मुलाच्या वयाच्या आकड्याहून आठवड्याच्या सरावाचे तास अधिक झाले, तर अतिश्रमाच्या गंभीर दुखापतींचा संभव वाढतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ मध्येच आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून विश्रांती द्यावी, अशी शिफारस केली होती.

क्रीडासंघटनांनी वयाची अट हा उपाय योजला. मोठ्या स्पर्धांसाठीची किमान मर्यादा १९८१ मध्ये चौदावरून पंधरा आणि १९९७ मध्ये सोळा झाली. परंतु स्पर्धेचे वय वाढले म्हणून सरावाचे वय वाढत नाही; शिवाय कागदावरचे वय बदलताही येते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील एक चिनी खेळाडू प्रत्यक्षात चौदा वर्षांची होती, असे सिद्ध झाल्यावर त्या संघाचे कांस्यपदक २०१० मध्ये काढून घेण्यात आले. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ॲन व्हाइट यांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. चारशेहून अधिक निवेदने त्यांच्यापुढे आली होती. दुखापतीतही सराव करावयास लावणे, वजनावरून अपमान करणे आणि सरावाचे अवास्तव तास यांच्या तक्रारी त्यांत होत्या.

घाई अपरिहार्य आहे, हा समज मात्र अलीकडच्या इतिहासाने खोटा ठरविला आहे. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना १९९२ ते २०२१ या काळात आठ ऑलिंपिक खेळली. २००८ मध्ये तिने रौप्यपदक मिळविले, तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकियो येथे, हवेत दिशेचे भान सुटते आहे हे ओळखून, बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे सत्ताविसाव्या वर्षी ती पुन्हा सर्वंकष विजेती झाली. गोरोखोव्स्कायानंतर एवढ्या वयाची विजेती बहात्तर वर्षांत झाली नव्हती. मुखिनाला जो नकार देता आला नाही, तो बाइल्सला देता आला, आणि म्हणूनच ती परत येऊ शकली.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधर यांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, तो २०१३ मध्ये मध्य प्रदेशाचा राज्यखेळ झाला. खांबावर चढणारी मुले सहा-सात वर्षांची असतात आणि पदकांची हाव तेथेही पोहोचते. अशा मुलांच्या पालकांनी आणि गुरूंनी वयाइतके तास हे माप हाताशी ठेवावे. दहा वर्षांच्या मुलाला आठवड्याला दहा तास. रोज दोन तास धरले, तर पाच दिवस सराव आणि दोन दिवस विसावा. एखादे मूल खरोखरच असामान्य निघाले, तर तास वाढवावेत. पण वर्षावर्षाने, वैद्याच्या देखरेखीखाली आणि शाळा न बुडविता. आणि मुलाने आज हात दुखतो असे म्हटले, तर त्या दिवशी त्याला खांबावर चढवू नये.