दारू गावात आली कशी, आणि माणसात मुरली कशी?

बचत गटाची बैठक असो, हळदीकुंकू असो की रेशनच्या दुकानापुढची रांग, आम्ही जिथे जातो तिथे एक प्रश्न हमखास निघतो : माणूस दारूच्या इतका आहारी जातो तरी का? कुणी म्हणते संगत वाईट, कुणी म्हणते नशीब. सासू म्हणते, सून कटकट करते म्हणून माझा लेक पितो. आणि सून मनात म्हणते, याला आमची माया असती तर त्याने सोडली नसती का? याचे उत्तर शोधायला आज आपण दीडशे वर्षे मागे जाणार आहोत.

ठाणे, कुलाबा, खानदेश, चांदा या भागांत मोहाची झाडे पुष्कळ. उन्हाळा लागला की पहाटे फुलांचा सडा पडायचा. बाया-पोरे फुले वेचायची, वाळवून ठेवायची. धान्य संपले की तीच फुले शिजवून पोट भरायचे. त्याच फुलांची दारूही गाळली जायची. देवाला, लग्नाला, मयताला, पिकाच्या सणाला ती लागायची. तेव्हाही लोक प्यायचे, काही जण जास्तच प्यायचे, हे लपवायचे कारण नाही. पण दारू घरची होती. फुले संपली की ती संपायची, आणि तिच्यासाठी रोज रोख पैसे मोजावे लागत नसत.

मग इंग्रज सरकारचा १८७८ सालचा मुंबई अबकारी कायदा आला. परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा ठरले. मोठ्या भट्ट्यांत दारू गाळायची, तिच्यावर कर घ्यायचा आणि मक्तेदाराच्या दुकानातून ती विकायची, अशी पद्धत बसली. ठाणे-कुलाब्याकडे उरणच्या भट्ट्यांची दारू येऊ लागली. ताडीच्या झाडावरही कर बसला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला आणि फुले बाळगण्यावरच बंधने आली. ज्या फुलांवर गरिबाचे उन्हाळ्यातले पोट चालायचे, ती घरात ठेवणे अवघड झाले.

यातून दारू कमी झाली का? नाही, ती फक्त घरातून उठून दुकानात गेली. दुकान बारा महिने उघडे. पैसे नसले तर उधार. उधारी फिटली नाही तर वेठ, नाहीतर जमिनीवर डोळा. सरकारला अबकारीतून भरघोस पैसा मिळू लागला, आणि जिथून पैसा मिळतो ते दुकान कोण बंद करणार? महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत चालली आणि गोरगरिबांचे संसार मोडत आहेत, म्हणून १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली होती.

लोकांनाही हे कळत होते. १९२१-२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून एक लाट उठली आणि डांग, सुरत, खानदेशापर्यंत पोचली. आदिवासी पाड्यांवर देवी अंगात यायची आणि सांगायची : दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूवाल्या सावकाराच्या दारी जाऊ नका. हजारोंनी दारू सोडली. पुढे बऱ्याच ठिकाणी ती परतही आली. पण आपल्या दारिद्र्याची गाठ दारूच्या दुकानाशी बांधलेली आहे, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांनी बरोबर ओळखले होते.

आता तुम्ही म्हणाल, दुकान तर सगळ्यांच्याच वाटेवर आहे. मग एक भाऊ पितो आणि थांबतो, दुसऱ्याचा संसार बुडतो, हे कसे? इथे शरीराची गोष्ट सुरू होते.

१८४९ मध्ये स्वीडन देशात माग्नुस हुस नावाच्या डॉक्टरांनी दारूमुळे होणाऱ्या दीर्घ आजाराला पहिल्यांदा वेगळे नाव दिले. तेव्हा तिथल्या शेताशेतांवर दारू गाळली जायची. यकृत, मेंदू, नसा कशा बिघडतात ते हुस यांनी लिहून ठेवले. त्याआधी १७८४ मध्ये अमेरिकेत बेंजामिन रश या डॉक्टरांनी लिहिले होते की, सुरुवातीला माणूस आपल्या मर्जीने पितो, पण पुढे ती मर्जी राहत नाही, तो आजार होतो. तरीही पुढची शंभर-दीडशे वर्षे जग दारुड्याला पापी नाहीतर बेशरमच म्हणत राहिले.

आज डॉक्टर सांगतात ते थोडक्यात असे. दारू प्यायल्यावर मेंदूत सुखाची जाणीव देणारे रसायन वाढते. रोज रोज तसे झाले की मेंदू त्याची सवय करून घेतो. पहिल्यांदा एका ग्लासात जे व्हायचे, त्याला आता तीन लागतात. मग अशी वेळ येते की दारू मिळाली नाही तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, जीव घाबराघुबरा होतो. आता तो मजेसाठी पीत नसतो, हा त्रास थांबावा म्हणून पितो. सकाळी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारा बाप संध्याकाळी गुत्त्यावर दिसतो तो यामुळे. शपथ घेताना तो खोटे बोलत नसतो. पण नुसत्या शपथेने मेंदूची सवय मोडत नाही.

ही पाळी कुणावर येते? एकच कारण नसते. घराण्यात व्यसन असेल तर धोका वाढतो, तो वारसा रक्तातूनही येतो. कोवळ्या वयात सुरुवात केली तर धोका वाढतो, म्हणून गणपतीच्या किंवा वरातीच्या नाचात पोराला "घे रे एक घोट" म्हणणारा मामा-काका पोराचा वैरी असतो. मनातले दुःख, भीती, कर्जाची काळजी, अंग मोडणारे काम, गटार उपसण्यासारखे शुद्धीत करवत नाही असे काम, हीही कारणे. आणि सगळ्यांत साधे कारण : दारू जवळ, स्वस्त आणि उधार मिळणे.

या यादीत बायकोची कटकट नाही, हे नीट ऐका. घरात भांडण होते ते बहुतेक वेळा दारूमुळे होते. तुमच्या स्वयंपाकामुळे, रंगामुळे, मुलगी झाल्यामुळे कुणाला व्यसन लागत नाही. आणि आजार आहे म्हणून मारहाण माफ होत नाही. आजाराला उपचार आणि मारहाणीला कायदा, दोन्ही वेगवेगळे मागायचे.

उपचाराचाही इतिहास आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन व्यसनी माणसे, एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, एकमेकांना आधार देत दारूपासून दूर राहिली. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. "आजचा दिवस पिणार नाही" एवढाच त्यांचा निश्चय असतो. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे पेशंटच्या बायकांचाही गट भरू लागला, कारण व्यसन एकाचे असले तरी त्यात भरडते सारे घर.

आणि बायकांनी काय केले? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याकडच्या आदिवासी बायका श्रमिक संघटनेच्या बळावर गावोगाव निघाल्या, गुत्त्यांवरची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह गावोगावच्या लोकांनी लढा दिला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. पुढे मतदान घेऊन गावातले दुकान बंद करण्याचा रस्ता कायद्यात आला. "आडवी बाटली" म्हणजे काय, हे आता तुम्हाला सांगायला नको.

पण नुसती बंदीही पुरत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, आणि हातभट्टीचा धंदा फोफावला. चंद्रपूरला २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. बंदी दारू लांब नेते, आणि ते फार मोलाचे आहे, कारण नवीन पोरे वाचतात. पण ज्याच्या अंगात ती मुरली आहे त्याला उपचारच लागतो. म्हणून गटाने दोन्ही कामे हाती घ्यावीत.

दोन सूचना देऊन थांबतो. पहिली : रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला कोंडून एकदम दारू तोडायला लावू नका. फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. दुसरी : चहात, भाजीत नकळत औषध घालू नका. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये एका औषधाचा असा गुण लक्षात आला की ते घेतल्यावर दारू प्यायली तर जोराच्या उलट्या होतात, छाती धडधडते. ते माणसाला सांगून, तपासणी करूनच द्यायचे असते. न सांगता दिले तर जिवावर बेतू शकते. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत फोन आहे, तो बाईनेही लावावा.

येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावात दारू कुठून येते, उधार कोण देतो, आणि कोणत्या वयाची पोरे तिथे उभी असतात, हे सगळ्यांनी मिळून वहीत लिहा. आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.