गोधडी कशी धुवायची, हे कुठे लिहिलंय?

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण अंथरूण-पांघरूण धुण्यावर आहे असं सांगितलं, की समोरचा हमखास विचारतो, "यात कसला आलाय इतिहास?" तर आज तेच सांगते.

आधी कागदपत्रांकडे बघू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर तपासणी सुरू केली. रोगी सापडला की त्याची अंथरुणं जाळायची, नाहीतर जंतुनाशकात काढायची. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलोय. पण त्या अंगणातल्या होळीत नेमकं काय जळत होतं, हे कुणी शिकवत नाही.

गरिबाघरी ती बहुतेकदा गोधडी असायची. कुठे तिलाच वाकळ म्हणतात. म्हणजे आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, पोरांच्या कपड्यांचे तुकडे. अशा गोधड्या सरकारी कागदांत येतात त्या रोगाचं घर म्हणून, जळताना. त्या धुतल्या जात होत्या, हे तिथे जवळजवळ दिसतच नाही. मग वाचणाऱ्याचा सहज समज होतो, की ही घरं घाणेरडीच होती. माझं भांडण या समजाशी आहे.

कागद गप्प असले तरी गोधडी बोलते. तुमच्या घरात जुनी असेल तर उलटून टाके बघा. जवळजवळ घातलेल्या धावदोऱ्याच्या ओळी सगळ्या थरांतून आरपार जातात. त्यामुळे भिजल्यावर आतले थर सरकत नाहीत, गोळा होत नाहीत. म्हणजे शिवणारीने धुण्याचा विचार शिवतानाच केलेला असतो.

कापसाच्या गादीचं तसं नाही. सुटा कापूस भिजला की त्याचे गठ्ठे होतात आणि आतून वाळता वाळत नाही. म्हणून खोळ धुवायची, कापूस उन्हात टाकायचा आणि पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा. घोंगड्याची तऱ्हा तिसरीच. त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि लोकर गरम पाण्यात चोळली की आटते. ते झटकून उन्हात टाकणंच बरं. धुवायचंच तर थंड पाणी आणि रिठे. सोड्याचा खार सुताला चालतो, लोकरीला नाही.

आता वेळ बघा. घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायची रीत अजून पुष्कळ गावांत आहे. कारण धार्मिक आहेच, पण हिशेबही चोख आहे. पाऊस ओसरत आलेला, नदीला पाणी भरपूर आणि ऊन कडक. वर्षभरात या दोन गोष्टी अशा एकत्र क्वचितच मिळतात.

आणि ऊन फक्त वाळवायला नव्हतं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. पिसवांना कोरडं, कडक ऊन सोसत नाही. बायकांना प्लेगचं कारण ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या घरांना अडाणी ठरवलं गेलं, त्यांच्याकडे स्वच्छतेची एक विचारपूर्वक पद्धत होती, एवढं नक्की.

ती पद्धत आजही चालते. गोधडी आधी झटका, मग साबणाच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवा. आपटू नका, पिळू नका. ओलं सूत कोरड्यापेक्षा मजबूत असतं, पण जुने टाके पाण्याचा भार सोसत नाहीत. एका टोकाला धरून उचललीत की दोरा तुटलाच म्हणून समजा. दोघांनी चार पदरी घडी करून दाबत पाणी काढा. दोरीवर लोंबकळवण्यापेक्षा गच्चीवर पसरा आणि अधूनमधून उलटा. आतला थर ओला राहिला तर कुबट वास येतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही ऊन दाखवा. मशीनमध्ये टाकायचा मोह होईल, पण जीर्ण गोधडीला ती घुसळण झेपत नाही.

घरात गोधडी धुतलेलं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांना एकदा विचारा आणि सांगतील ते लिहून ठेवा, तारीख आणि गावाच्या नावासकट. रँडच्या कमिटीने काय जाळलं ते कागदावर आहे. काय धुतलं जात होतं, तेही असायला हवं.