पाठ टेकण्यापुरती जागा

माझ्याकडे एक खतावणी आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याच्या दुकानात उधारी मांडायला ठेवतात तसली. तिच्यात पैशाचा एकही हिशोब नाही, त्यामुळे घरात तिला किंमतही नाही. आमच्या सौ.ने ती आजवर दोनदा रद्दीत घातली आणि दोन्ही वेळा मी ती रद्दीवाल्याच्या तराजूतून उचलून आणली. दुसऱ्या खेपेला तर त्यानं वजन करून माझ्याकडूनच पैसे घेतले.

या खतावणीत मी रात्री जमा केल्या आहेत. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी काड्यापेट्यांचे छाप. मी डोंगरातले मुक्काम जमवले. गडावरची गुहा, देवळाचा सभामंडप, वाडीतल्या शाळेची पडवी, गुराख्याचं खोपट, जिथं म्हणून रात्री पाठ टेकली ती जागा खतावणीत आली. रकाने सहा: ठिकाण, तारीख, पाणी, पिसवा, घोरणारे आणि भाडे. गड सर झाला की नाही याला रकाना नाही. सुळका चढायला छाती लागते. सुळक्याखाली झोपायला सतरंजी पुरते. आमच्या कंपूतले वीर पहाटे उठून दोर सोडवू लागले की मी चूल फुंकायला बसत असे. कुणीतरी चहा करायलाच हवा ना!

पनवेलच्या माणसाला हे वेड लागलं यात नवल नाही. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा, पूर्वेला प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतीण, त्याच्यामागे माथेरान. एस.टी.ची वाट बघत उभं राहावं तर डोंगरच आपली वाट बघत असतात, आणि एस.टी.पेक्षा ते नक्की भेटतात. गंमत म्हणजे यातला सर्वांत जवळचा कर्नाळाच माझ्या खतावणीत नाही. सुळक्याच्या पोटात खोदलेल्या टाक्या आणि कोठ्या आहेत, सावली उत्तम. पण १९६८ साली तिथं पक्ष्यांचं अभयारण्य झालं आणि गडावर माणसांनी रात्र काढणं बंद झालं. शिवाय सुळक्याला आग्या मोहोळांची पोळी लटकलेली असतात. आमच्या ग्रुपलीडरनी एकदा भर दुपारी तिथं विडी शिलगावली. शिवाजीमहाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना जे तेवीस किल्ले दिले त्यांत कर्नाळा होता. पण मोगलांनीसुद्धा तो आमच्याइतक्या घाईनं सोडला नसेल.

पायथ्याजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. त्यांचे आजोबा या कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि १८१८ साली किल्ला इंग्रजांनी घेतला. नातवानं त्याच इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं, रानोमाळ मुक्काम केले आणि १८७९ च्या जुलैत, तापानं फणफणलेले असताना, एका देवळात झोपेतच ते पकडले गेले. देवळात पथारी पसरताना मला दर वेळी त्यांची आठवण येते. आमच्या झोपेला मोल नव्हतं, म्हणून ती गाढ लागायची.

माझा समज असा होता की जगात हे असलं वेड मला एकट्यालाच आहे. तो समज माझ्या भाच्यानं मोडला. भाचा न्यूझीलंडात असतो. एकदा फोनवर म्हणाला, “मामा, माझ्या शंभर झोपड्या झाल्या!” मला वाटलं, यानं तिकडे जमिनीचा धंदा काढला. चौकशी केली तेव्हा कळलं की तिथल्या डोंगरांत सरकारी झोपड्या आहेत, एकूण साडेनऊशेच्या वर. त्यांत जाऊन एकेक रात्र काढायची आणि मोजत राहायचं, असा तिथं चक्क मान्यताप्राप्त छंद आहे. झोपडीत लाकडी फळ्यांचे बाक, पाण्याची टाकी, आणि नाव-गाव-पुढे कुठं जाणार हे लिहायला वही. हरवलास तर शोधणाऱ्यांना बरं पडतं. रात्रीचं तिकीट बहुतेक ठिकाणी आधी काढायचं.

या झोपड्या बांधल्या गेल्या त्याची कथा तर आपल्या एखाद्या खात्यात शोभेल. त्या देशात मूळचं हरीण नव्हतंच. गोऱ्यांनी शिकारीची हौस म्हणून एकोणिसाव्या शतकात ती बोटीतून आणून सोडली. हरणांना कुणी खाणारं नाही. ती अशी वाढली की डोंगरावरचा पाला फस्त झाला आणि माती घसरू लागली. मग हरणं मारायला पगारी शिकारी नेमले. १९५६ साली हे काम जंगल खात्याकडे आलं. शिकारी रानात महिनोन्महिने राहणार, तर त्यांना छप्पर हवं, म्हणून पुढच्या दीड-दोन दशकांत शेकडो झोपड्या उभ्या राहिल्या. आधी हौसेसाठी हरीण, मग हरणासाठी शिकारी, मग शिकाऱ्यासाठी झोपडी, आणि आता झोपडीसाठी माझा भाचा! तिकडे आल्प्समध्ये स्वित्झर्लंडच्या गिर्यारोहकांनी १८६३ साली क्लब काढला आणि त्याच वर्षी डोंगरात पहिली झोपडी बांधली. म्हणजे सभासदांची यादी पुरी होण्याआधी झोपायची सोय. या मंडळींशी माझं जमलं असतं.

भाच्याला मी ऐकवलं, “अरे, तुझ्या झोपड्या परवाच्या. आमच्या दोन हजार वर्षांच्या आहेत.” ही थाप नव्हती. कर्जतहून राजमाचीला चढताना वाटेत कोंडाण्याची लेणी लागतात. बौद्ध भिक्षू एरवी हिंडत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी थांबत. त्या वर्षावासासाठी सह्याद्रीत ठिकठिकाणी खोल्या कोरल्या. खोलीत दगडाचा ओटा, तोच पलंग. (भिक्षू पावसात फिरणं थांबवत आणि आम्ही नेमके पावसात फिरायला निघतो. दोन हजार वर्षांत एवढीच काय ती प्रगती.) कोंडाण्याला एक लहानसा लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, एवढाच मजकूर. पुढे बदाम नाही, बाण नाही, आणि खाली कुणा मित्रमंडळाचं नाव नाही. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांनी लेणं कोरलं. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख आहे. कोणत्या यज्ञात किती गाई आणि किती नाणी दिली याची आकड्यांसकट यादी. जवळच दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणतात. थोडक्यात, त्या भिंतीवरही खतावणीच आहे. तिच्यावर झोपायचा योग मला दोनदा आला. पाणी: उत्तम. पिसवा: मध्यम. घोरणारे: तीन. भाडे: निरंक.

ढाकच्या बहिरीची नोंद मात्र अर्धं पान आहे. कातळकड्याच्या पोटात, ऐन छातीवर ही गुहा. जाताना दोर आणि लाकडाचा ओंडका यांच्या भरवशावर चढायचं. मी कसा चढलो ते मला माहीत नाही, कारण डोळे मिटलेले होते. वर बहिरी देव, पाण्याची टाकी आणि टाक्यापाशी गावकऱ्यांनी ठेवलेली भांडी. पातेली, ताटं, परात. येणाऱ्यानं रांधावं, जेवावं, भांडी घासून जागच्या जागी ठेवावीत. नेलीत तर बहिरी बघून घेईल. कुलूप नाही, वही नाही, तिकीट नाही. आमच्या घरी आलेले पाहुणे चमचे नेतात, पण ढाकची परात वर्षानुवर्षं तिथंच. त्या रात्री ग्रुपलीडरनी आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासली. वहिनींना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता इरशाळगडाचं पान.

ऑगस्ट १९८३. आम्ही सहा जण पनवेलहून चौकला उतरलो आणि पावसात वर निघालो. नेढं बघायचं होतं. धुकं असं की पुढचा माणूस त्याच्या खोकल्यावरून ओळखायचा. गडाखालच्या पठारावर ठाकरांची इरशाळवाडी होती. तिथं पोचेतो अंधार पडला. पहिल्याच घराच्या ओट्यावर आम्ही ओथंबून उभे राहिलो. आतून एक म्हातारी आली, तिनं कंदील वर धरून आम्हाला एकेक करून पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, “पोरं भिजल्यात. आत घे त्यांना.” तांदळाच्या भाकऱ्या आणि ठेचा झाला. आम्हाला चुलीजवळची कोरडी जागा मिळाली. सहाही जण मेल्यासारखे झोपलो.

पहाटे मला जाग आली तेव्हा दिसलं की घरची माणसं पलीकडच्या भिंतीशी, जिथं गळत होतं तिथं, मांडीवर पोरं घेऊन बसलेली होती. एका पातेल्यात थेंब पडत होता. मी डोळे मिटून घेतले. उठलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं. सकाळी ग्रुपलीडरनी पैसे पुढे केले, तर म्हातारी रागावलीच. “हाटेल हाय का काय हे?” नेढं धुक्यामुळे दिसलं नाही ते नाहीच. परतल्यावर मी खतावणी भरली. पाणी: घरच्या हंड्यातलं. पिसवा: नाहीत. घोरणारे: सहा. भाडे: निरंक.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर डोंगर कोसळला. पाऊस थांबत नव्हता. वर जायला रस्ता नाही, त्यामुळे यंत्रं नेता येईनात. माणसं चिखलातून चढून गेली आणि हातांनी माती उपसू लागली. मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकारानं गेला. शाळेत मोबाइलवर खेळत बसलेल्या काही मुलांनी आवाज ऐकला आणि खबर दिली, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले होते, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं. पुढे सिडकोनं पक्की घरं बांधायला घेतली.

पनवेलहून ते अंतर मोटारीनं फार नाही. मी गेलो नाही. या वयात चढवणार नव्हतं, आणि गेलो असतो तर वाटेत उभा राहून लोकांना अडथळाच केला असता. घरात बसून पेपरमधली नावं वाचत होतो. खतावणी काढली. म्हातारी तर केव्हाच गेली असणार. पण तिचा तो मुलगा, ज्यानं आमच्या ओल्या चपला चुलीपाशी वाळत ठेवल्या, त्याच्या मांडीवर झोपलेलं पोर... ते आता चाळिशीचं असेल. यादीत नाव शोधायचं तर नाव ठाऊक हवं. मी पान उलटसुलट करून पाहिलं. समासात पाहिलं. सहा जण कसे घोरत होते ते मी लिहून ठेवलं होतं, ज्यांच्या घरात घोरलो त्यांचं नाव कुठंच नव्हतं. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय शोधताय एवढं?” मी म्हटलं, “काही नाही.”

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. त्यानं खतावणी पाहिली आणि भलताच खूश झाला. सगळी यादी कॉम्प्युटरवर घालू म्हणाला, नकाशासकट. त्याच्या तक्त्यात एक रकाना आहे: झोपडी सध्या वापरात आहे की नाही. “फक्त हो किंवा नाही भरून पाठव मामा, बाकी मी बघतो.” ढाकपर्यंतच्या नोंदी मी भरल्या आहेत. त्याचा दर रविवारी फोन येतो, आणि मी त्याला सांगतो, अरे हस्ताक्षर लागत नाही, चष्मा बदलायला टाकलाय.