पोरांचा चहा, पोरांची पंगत



शाळा सुटायची वेळ झाली की घराघरांत चहाचं आधण चढतं. त्या दिवशी घरात वाढदिवस असेल, हळदीकुंकू असेल, नाहीतर गटाची बैठक असेल, तर शेजारपाजारची पोरंही जमतात. अलीकडे अशा वेळी केक, वेफर्सची पाकिटं, थंड पेयाची बाटली आणि चकचकीत कागदी ताटल्या आणायची रीत पडली आहे. जिला हा खर्च झेपत नाही, ती आई पोराचा वाढदिवस कुणाला न सांगताच उरकते. म्हणून आज थोडं मागे जाऊन बघूया. पोरांना एकत्र बसवून खाऊ घालायची आपली रीत कशी होती, आणि तिच्यात हा चहा कधी शिरला?

चहा आपल्या चुलीवर फार जुना नाही. आसामात पिकलेला चहा 1839 मध्ये पहिल्यांदा लंडनच्या लिलावात विकला गेला. पुढच्या काही वर्षांत तिकडच्या श्रीमंत घरांत दुपारी टेबल मांडून चहा, पाव आणि केक खायची पद्धत पडली. त्यांच्या लेकी बाहुल्यांना बसवून इवल्याशा कपबशांत खोटा खोटा चहा पाजायच्या. आपल्या लेकी तेव्हा भातुकली खेळत होत्या. आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी. तिथले चितारी कारागीर लाकडाची रंगीत खेळणी पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. त्यात चूल, जातं, पोळपाट-लाटणं असतं. खेळ दोन्हीकडे एकच: आपण मांडायचं आणि दुसऱ्याला वाढायचं.

चहा आपल्याकडे आपोआप पसरला नाही, तो मुद्दाम पसरवला गेला. 1903 मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून चहावर कर बसवला आणि तो पैसा चहाच्या जाहिरातीला लावला. 1930 नंतर मळेवाल्यांची माणसं शहरांतून, बाजारांतून, रेल्वे स्टेशनांवरून फिरू लागली. चहा कसा करायचा ते करून दाखवायची आणि लोकांना पाजायची. स्वातंत्र्यानंतर यंत्रावर तयार होणारी बारीक दाणेदार पावडर स्वस्तात मिळू लागली, तेव्हा चहा खेड्यापाड्यांत पोचला. त्याआधी सकाळी पोरांच्या वाटीत असायची ती पेज, नाहीतर नाचणीची आंबील.

आता मांडणीकडे वळूया. आपल्याकडे टेबल नव्हतं, पंगत होती. जमीन सारवून घ्यायची, ओळीनं पाट मांडायचे, पुढ्यात केळीचं पान किंवा पळसाच्या पानांची पत्रावळ. पातळ पदार्थाला द्रोण. वाढायलाही शिस्त होती. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजव्या हाताला भाजी; मधे भात. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही.

खास लहान मुलांसाठीचा सोहळा म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तो करतात. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे आणि भोवती जमलेल्या पोरांनी ते वेचून खायचे. यात विकतचं फारसं काही नाही, त्या ऋतूत शेतात असतं तेच. आणि गंमत अशी की कौतुक एका बाळाचं, खाऊ मात्र सगळ्या पोरांचा.

पण मैत्रिणींनो, जुनं ते सगळं सोनं, असंही नाही. पंगत सुंदर होती खरी, पण तिच्यात सगळ्यांना जागा नव्हती. काहींना वेगळं बसवायचे, काहींना अंगणाबाहेर उभं करायचे. पुढे चहा आला आणि हा भेद कपात उतरला. कितीतरी गावांच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असायची.

याला कोल्हापुरात फार मोठं उत्तर दिलं गेलं. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना पाठबळ दिलं आणि गंगारामांनी कोल्हापूर शहरात चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून गंगारामांचा चहा मागवू लागले. स्वतः प्यायचे आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. राजानं घेतलेल्या कपाला नाही कोण म्हणणार?

त्या वेळी आपलं चंदगड कोल्हापूर संस्थानात नव्हतं, बेळगाव जिल्ह्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आपण कोल्हापूर जिल्ह्यात आलो. त्याच्या आदल्याच वर्षी, 1955 मध्ये, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला होता. हॉटेलात कुणाला प्रवेश नाकारणं, तिथली भांडी वापरू न देणं, हा गुन्हा ठरला.

आणि आज पोरांची सगळ्यात मोठी पंगत कुठे बसते? शाळेच्या व्हरांड्यात. पोषण आहाराची देशभरची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली. आधी धान्य घरी मिळायचं. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की पोरांना शिजवलेलं अन्नच द्या. तेव्हापासून कितीतरी शाळांत बचत गटाच्या बाया खिचडी शिजवतात. त्या ओळीत कोण कुणाशेजारी बसतं आणि कुणाच्या ताटात डाव कसा पडतो, हे पोरं रोज बघतात. शिकवलं नाही तरी शिकतात.

म्हणून घरी पोरांना चहाला बोलवाल, तेव्हा मांडणीच्या तीनच गोष्टी सांभाळा. ओळ एकच असू द्या. प्रत्येकापुढे सारखंच पान किंवा सारखीच वाटी असू द्या. आणि गल्लीतलं एकही पोर दारात उभं राहून बघत नाही ना, ते बघा.

खाऊ आपल्या शिवारातलाच पुरतो. 20 पोरांना 3 किलो रताळी उकडा. 1 किलो भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि पाऊण किलो गूळ यांचे छोटे 40 लाडू होतात. चुरमुऱ्याला कांदा, कोथिंबीर आणि शेवेचा हात लावा. काजू तर आपल्या तालुक्याचं पीक, पाकळीचे तुकडे लाडवात घाला. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना मात्र अख्खा शेंगदाणा किंवा काजू देऊ नका, घशात अडकतो. त्यांना कुटून द्या.

आणि चहा? तो मोठ्यांसाठी ठेवा. चहातल्या तुरट अंशामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत सांगितलंय की जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा. आपल्या लेकींना रक्त कमी असण्याचा त्रास आधीच फार. पोरांच्या पेल्यात गूळ-दूध घातलेली नाचणीची गोड आंबील द्या, उन्हाळ्यात कोकम सरबत द्या. नाव चहापानाचं असलं तरी चालेल.

येत्या बैठकीत गटानं एवढं ठरवून बघा: महिन्यात ज्या ज्या पोरांचे वाढदिवस येतात, त्यांची एकाच दिवशी एक पंगत. औक्षण सगळ्यांचं करायचं. खाऊ प्रत्येक घरून थोडा थोडा. मग पोराचा वाढदिवस गुपचूप उरकायची वेळ कुठल्याच आईवर येणार नाही.