काय होतंय त्याला?

तेल या विषयात मराठवाड्याला कुणी शिकवायला जाऊ नये. लातूर ही डाळीची आणि तेलाची पेठ. करडईचं तेल नुसत्या वासावर ओळखणारी माणसं इथं गल्लोगल्ली सापडतात. शेंगदाण्याचं संपलं तर करडईचं, करडईचं संपलं तर सोयाबीनचं. "काय होतंय त्याला?" या एका वाक्यावर आमची स्वयंपाकघरं पिढ्यानपिढ्या चालली. पुढं गॅरेजंही त्याच वाक्यावर चालू लागली, आणि घोटाळा तिथं झाला.

भाजी बिचारी सोशीक असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तसा नसतो. त्याचं तेल बहुधा लाल असतं. इंजिनच्या तेलापासून वेगळं कळावं म्हणून त्यात रंग घातलेला असतो. पण लाल ते सगळं एकच, असं मानणं म्हणजे फेटा बांधलेला प्रत्येक गृहस्थ नवरदेव समजण्यासारखं आहे. हे तेल एकाच वेळी तीन नोकऱ्या करतं. इंजिनाची ताकद पुढं पोचवायची, दाबानं गिअर बदलायचे, आणि आतल्या क्लचच्या चकत्यांना ना फार घसरू द्यायचं ना फार चिकटू द्यायचं. संयुक्त कुटुंबातल्या थोरल्या सुनेचंच काम म्हणा ना!

ही सून जन्मली अमेरिकेत. जनरल मोटर्सनं 1939 साली हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स आणला आणि 1949 साली त्यासाठी 'टाइप ए' नावाच्या तेलाचे नियम ठरवले. ते मऊपणानं चालावं म्हणून त्यात काय घालत? देवमाशाचं तेल! स्पर्म व्हेल जातीचा अजस्र प्राणी समुद्रात मारायचा आणि त्याचं तेल साहेबाच्या मोटारीत घालायचं. तिकडं फोर्डनं आपलं वेगळं 'टाइप एफ' काढलं. ते मुद्दाम चिकट पकडीचं. एकाचं दुसऱ्यात घातलं की गाडी एक तर धक्के मारी, नाहीतर घसरे. डबे शेजारी-शेजारी, रंग तोच, पण सोयरीक मात्र जमत नसे.

मग 1970 साली अमेरिकेनं स्पर्म व्हेलला संकटातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आवक बंद झाली. देवमासा सुटला, गिअरबॉक्स अडकला. देवमाशाशिवायचं नवं तेल केलं, तर त्याच्या पहिल्या अवतारानं तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे सांधेच कुरतडले. पुन्हा औषधपाणी, पुन्हा नवा अवतार. कायदा एका देशाचा. डब्यातला माल बदलला जगभर.

आम्हा मोगलाईतल्या माणसांना याचं नवल वाटायला नको. निजामाच्या राजवटीत आमच्या खिशात हाली सिक्का असे. तोही रुपया आणि बार्शी-सोलापुरातला इंग्रजी कलदार तोही रुपयाच. पण हद्द ओलांडली की सात हालींचे सहा कलदार. रुपया म्हणून हाली पुढं केला, तर पलीकडचा वाणी "काय होतंय त्याला?" म्हणत नसे. रेल्वेचंही तेच. बार्शी लाइट रेल्वे 1911 साली लातूरला आली ती अडीच फुटी रुळांवर आणि नांदेडची गाडी धावे मीटरगेजवर. दोन्ही गावं निजामाच्याच राज्यात, दोन्हीकडं रूळ लोखंडाचेच. पण लातूरचा डबा नांदेडच्या रुळावर ठेवून दाखवा बरं! दिसण्यात सारखेपणा असला, तरी जुळणं निराळं असतं, हा धडा आम्ही तेव्हाच गिरवला होता.

गिरवला आणि विसरलो. 2014 साली मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी ग्रॅच्युइटीच्या पैशातून अशीच एक गाडी घेतली. नांदेडच्या एका गॅरेजात उस्ताद लाल डबा उघडून तयारच. म्हणाले, "मास्तरसाब, ऑटोमॅटिक लिखा है ना? फिर येच डालते. कुछ नै होता."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि गाडीचं पुस्तक काढलं. या स्वस्त जातीत गिअरबॉक्स हातानं बदलायचाच असतो. फक्त आपला हात आणि पाय यांची बदली यंत्रावर केलेली असते. त्याला साधं गिअर ऑइल लागतं, लाल नव्हे. सीव्हीटी नावाची जात असेल, तर तिचं तेल आणखी तिसरं. उस्तादांनी पुस्तकाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं आणि डबा मिटला. माणूस जाणता होता.

डब्यावरच्या नावालाही आता फार भुलू नये. 'डेक्सरॉन तीन' या नावाचे परवाने जनरल मोटर्सनं 2006 अखेर संपवले. तरी नाव अजून दुकानात मिरवतं. त्याच्या जागी आलेलं 'डेक्सरॉन सहा' पातळ, पेट्रोल वाचवणारं. कंपनीच्या नियमानं नवं तेल जुन्याच्या जागी चालतं, जुनं मात्र नव्याच्या जागी चालत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाचून दाखवू नये.

सांगायचं एवढंच. कुठल्या तेलाला कुठं मान, हे ना रंगावरून ठरतं ना डब्याच्या ऐटीवरून. ते कुठल्या तरी दूरच्या दरबारात ठरतं आणि फर्मान तेवढं गाडीच्या पुस्तकात छापून येतं. ते पुस्तक आपण सत्यनारायणाच्या पोथीसारखं गाडीत जपून ठेवतो. फरक इतकाच, की पोथी वर्षातून एकदा तरी वाचली जाते.